भिंतीत शिरलेलं दार

दशरथ मिस्त्रीनं खाचेत बोट घालून दार ओढलं. दार हललं नाही. त्यानं दुसरं बोट घातलं, पाय रोवून जोर लावला. तरी नाही.

"सकाळी लोण्यासारखं सरकत होतं," तो म्हणाला. "मी मूठ आणायला नारायण पेठेत काय गेलो, दार रुसून बसलं?"

सर्जेराव खुर्चीतून उठले, खिडकीशी गेले, परत आले, बसले आणि पुन्हा उठले. वारज्याच्या त्या फ्लॅटमध्ये आठवडाभर त्यांचं हेच चाललं होतं. मिस्त्रीनं करवत डावीकडे ठेवली की हे ती उजवीकडे ठेवत. त्याला माप घ्यायचं असलं की नेमकी टेप घेऊन बाल्कनीत जाऊन उभे राहत.

दाराचा हट्ट त्यांच्या बायकोचा, सोजरबाईंचा. कारण सर्जेरावांचं घोरणं. ते काही साधंसुधं घोरणं नव्हे. त्यांनी सूर धरला की खाली पार्किंगमधल्या दोन गाड्या आपोआप किंचाळायला लागत. खोटं वाटत असेल तर वॉचमनला विचारा. पहाटे शिट्टीवर यायचे, तेव्हा शेजारच्या चैतालीबाई कुकर झाला समजून गॅस बंद करायला धावत.

"एकोणपन्नास वर्सं ऐकलं," सोजरबाईंनी जाहीर केलं होतं. "आता मी आतल्या खोलीत निजणार, तुमी हॉलमधी. मधी दार पायजेल."

मध्ये आजवर नुसता पडदा होता. नेहमीचं दार लावलं तर ते उघडताना आतल्या पलंगावर आदळणार. म्हणून दशरथनं चौकटीशेजारी प्लायची पोकळ भिंत उभी केली. दार उघडलं की सरकत त्या पोकळीत शिरायचं आणि गुडूप व्हायचं. आज मूठ आणायला जाताना त्यानं दोघांनाही समोर उभं करून बजावलं होतं, "या भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आत दार आहे. खिळा दारात घुसला, तर दार बाहेर यायचं नाही."

सर्जेरावांनी जन्मात कुणाचं बोलणं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

त्याचं असं होतं, की सोजरबाई कुशीवर वळल्या की त्यांच्या बांगड्या किणकिणत. तो आवाज कानावर पडला की सर्जेरावांचा डोळा लागे. दार लागलं की ते संपलं. पण हे बायकोला सांगायचं कोणत्या तोंडानं? गावातलं रान बिल्डरला देताना सही करणं त्यांना यापेक्षा सोपं गेलं होतं.

म्हणून आज दुपारी मिस्त्री पेठेत आणि सोजरबाई शेजारी गेलेल्या बघून त्यांनी दार पार आत ढकललं आणि भिंतीत खिळा ठोकला. वर पतसंस्थेचं कॅलेंडर अडकवलं. सोजरबाई परत आल्या. त्यांनी कॅलेंडर पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि दूध आणायला पिटाळलं. फ्रिजमध्ये दोन पिशव्या होत्या. पण थोडक्यात सुटलो म्हणून सर्जेराव चप्पल उलटसुलट घालून पळाले होते.

आता मात्र मिस्त्रीची नजर भिंतीवरून फिरत फिरत कॅलेंडरवर येऊन थांबली.

"काका, हे सकाळी नव्हतं."

"तारीख बघाया लागती."

"पान मार्चचं आहे. आज ऑगस्टची बारा."

"मार्चच बरा व्हता," सर्जेराव म्हणाले.

दशरथनं कॅलेंडर काढलं. खिळ्याचं डोकं पक्कडीत धरलं. सोजरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत. एवढा गुन्हा पकडला जाऊनही बाई गप्प, म्हणजे रात्री दार लावून आतून कडीच घालणार.

खिळा निघाला. दशरथनं तो सर्जेरावांच्या तळहातावर ठेवला. "घ्या. आता आजपासून सुखानं घोरा."

त्यानं खाचेत बोट घातलं आणि ओढलं.

दार जागचं हललं नाही.

तीस वर्षांत त्याला कुठल्या दारानं असा दगा दिला नव्हता. तो तरातरा आतल्या खोलीत गेला. तिथे त्याच पोकळ भिंतीच्या पाठीवर एक आरसा लटकत होता, सकाळी नसलेला. आरसा उतरवल्याचा आवाज आला. मग पक्कडीचा.

दशरथ बाहेर आला. त्याच्या हातात दुसरा खिळा होता.

"काका, तुमचा दोन इंची होता," तो म्हणाला. "काकूंचा तीन इंची."

सर्जेरावांनी बायकोकडे पाहिलं. सोजरबाईंनी खिडकीकडे.

"अगं, माझ्या घोरण्यानं झोप लागत न्हाई म्हनलीस न्हवं?"

"न्हाईच लागत," सोजरबाई म्हणाल्या. "पर ते थांबलं, तर मला कळाया नको?"