दारावर बसायला आलेली

लूमच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. कारखान्याच्या मास्तरने सुपडूचा हात धरून त्याला बाहेर आणलं आणि सांगितलं. त्याची बायको मंगलाबाई तयार साड्या पोचवायला मार्केटला गेली होती. तिथे बॉम्ब फुटला. ती गेली.

संध्याकाळी बॉम्ब ठेवणाऱ्याचं नाव कळलं. योगेश. डिंडोलीतला, त्यांच्याच गल्लीतला. तोही त्यात मेला होता.

खानदेशात मयताच्या घरी सांत्वनाला, दारावर बसायला जातात; इथे परमुलखातही ती रीत होती. सुपडूकडे सगळी गल्ली आली. पोलिसांचे मोठे साहेबही येऊन गेले. मार्केटमध्ये आणखी कॅमेरे लागतील, नवं पथक येईल, असं म्हणाले. योगेशच्या आईकडे, वर्षाकडे, मात्र कोणी गेलं नाही.

एके दिवशी वर्षाच सुपडूच्या दारावर आली. बायका सरकून बसल्या.

"कोणत्या तोंडाने आली गं?" म्हातारा राघो म्हणाला. "पोराला नुसतं खाऊ घालायचं, लक्ष कोणी द्यायचं?"

"बसू द्या तिला," सुपडू म्हणाला.

दारावरून उठताना 'येतो' म्हणत नाहीत. एकेक जण न बोलता गेला. वर्षा उठली नाही.

"भाऊ, तो मोबाइलवर काय काय बघायचा. यांना मारलं पाहिजे, त्यांना जाळलं पाहिजे म्हणायचा. मी मंगलाला सांगितलं. आम्ही दोघी चौकीत गेलो. साहेब म्हणे, अजून काही केलं नाही ना त्याने? मग काय करू? आत टाकू का?"

"मग?"

"मी घाबरले. मंगला म्हणे, चल घरी, आपणच समजावू."

मंगला योगेशला सारखी जेवायला का बोलवायची, ते सुपडूला आज कळलं.

वर्षाने पदर तोंडाला लावला. "आता भूपेंद्र तसंच बोलतोय. माझा धाकटा."

सुपडू उठला. त्याने चपला घातल्या. "चला, वहिनी."

दोघं गल्लीच्या तोंडाशी आली. एका बाजूला चौकी होती. दुसऱ्या बाजूला सरकारी दवाखाना होता, पण भूपेंद्रला ताप नव्हता. एक रिक्षा येऊन थांबली.

"किधर जाना है, काका?"

सुपडूने वर्षाकडे पाहिलं. ती त्याच्याचकडे पाहत होती.

पोराने काही करायच्या आधी त्याला जिथे न्यायचं, ती जागा सरकारने अजून काढलेली नाही.