डनबेगच्या पोस्टमास्तरविरुद्ध अर्ज

संसदेनं अर्ज परत पाठवला होता. सोबत राजधानी वेलिंग्टनच्या कारकुनाची चिठ्ठी होती. भाषा सभागृहाचा मान राखणारी हवी. 'तिकडे बसून झोपा काढता काय' हे वाक्य चालणार नाही. खाडाखोड नको. शेवटी नेमकी मागणी हवी, तीही विनंतीच्या सुरात. आणि 'पोस्टमास्तर' हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहू नये.

युफेमिया गेडिसनं पिठाचे हात एप्रनला पुसले आणि चिठ्ठी पुन्हा वाचली. डनबेगची बेकरी तिची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि अर्जावर सह्या करणाऱ्या एकसष्ट जणांची पुढारीण तीच होती.

"आता शुद्ध कोण लिहिणार?" तिनं विचारलं.

मेंढपाळ टलॉक आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "शुद्ध लिहिणारा गावात एकच आहे."

तो एक म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज होता तोच. निनियन लेकी, पोस्टमास्तर.

लेकी डनबेगला येऊन सात वर्षं झाली होती. पहिली पाच वर्षं माणूस अगदी सोन्यासारखा वागला. मग त्याच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे. तो लोकांची पोस्टकार्डं लाल शाईनं सुधारायला लागला. तारेत चूक असली की तार अडवून ठेवायचा. टलॉकनं गुरांच्या डॉक्टरला तार केली, 'मेंढा आजारी लगेच या.' लेकीनं ती परत केली. कुणी यायचं, डॉक्टरनं की मेंढ्यानं, हे वाक्यावरून कळत नाही म्हणाला. दोघांची हुज्जत संपेपर्यंत मेंढा आपोआप बरा झाला. टलॉकला त्याचाच जास्त राग आला.

युफेमियाचं दुखणं याहून खोल होतं. डनीडनच्या एका घड्याळजीशी तिचं लग्न जुळत आलं होतं. तिनं त्याला मोठ्या प्रेमानं पोस्टकार्ड लिहिलं. लेकीनं समासात शेरा मारला, 'विशेषणं फार.' घड्याळजीचं उत्तर आलं, 'मास्तरांचं म्हणणं मला पटतं.' लग्न तिथंच मोडलं.

"मी त्याच्या दारात जाणार नाही," युफेमिया म्हणाली. आणि पाचव्या मिनिटाला गेली.

लेकीनं अर्ज वाचला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"युफेमियाबाई, हा फारच मवाळ झालाय," तो म्हणाला.

"काय?"

"मी लोहाराच्या आईच्या मयताच्या तारेतलं क्रियापद बदललं होतं, ते तुम्ही घातलंच नाही. आणि 'गाढव' काढून टाकू. 'लोकांच्या भावनांविषयी कमालीचा बेपर्वा' असं लिहू. वजन येतं."

त्यानं कोरा कागद घेतला आणि मोठ्यानं वाचत स्वतःविरुद्ध लिहायला बसला. अक्षर मोत्यासारखं. स्वतःचा एकही गुन्हा त्यानं सोडला नाही. उलट टलॉकला ठाऊक नसलेले चार आठवून घातले. दाराशी जमलेली माणसं ऐकून ऐकून लालबुंद झाली. लोहाराला तर आईचं ते क्रियापद आत्ताच कळलं. त्याला दोघांनी धरून ठेवलं.

"आता मागणी," लेकी म्हणाला.

"हकालपट्टी!" युफेमिया म्हणाली.

"हकालपट्टीला चौकशी लागते, साक्षीपुरावे लागतात. दोन वर्षं सहज जातील. तोवर मी इथंच." त्यानं टाक दौतीत बुडवला. "बदलीला एक सही पुरते."

दाराशी कुजबुज झाली. दोन वर्षं कुणालाच परवडणारी नव्हती.

"पण लांब पाठवा हां मास्तरला!" टलॉक ओरडला. "जवळपास नको."

"नेल्सन," लेकी म्हणाला. "बेटाचं दुसरं टोक. बोटीनं जावं लागतं."

"बोट लागते म्हणजे बरं," टलॉक म्हणाला.

एकसष्ट जणांनी पुन्हा सह्या केल्या. लेकीनं शाई टिपली, लखोट्याला लाख लावली, शिक्का मारला आणि अर्ज स्वतःच्या हातानं टपालाच्या पिशवीत टाकला.

तीन महिन्यांनी हुकूम आला. अर्जांच्या समितीनं लिहिलं होतं की इतका स्पष्ट आणि नेमका अर्ज सभागृहापुढं क्वचितच येतो. मागणी मंजूर. निनियन लेकी यांची बदली नेल्सनला.

डनबेगमध्ये त्या दिवशी कुणी काम केलं नाही. बँड निघाला. बँड म्हणजे एक कर्णा आणि एक ढोल. टलॉकनं टपाल कचेरीसमोर नाचून घेतलं आणि मुद्दाम तीन चुका असलेली तार भावाला केली. लेकीनं ती मुकाट पाठवली.

घोडागाडी निघायच्या वेळी युफेमिया ओटच्या भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन आली. कितीही छळलं असलं तरी आपण माणसाला गावाबाहेर काढलं हे तिला खात होतं.

"मास्तर, राग नाही ना धरलात? तुमच्या म्हाताऱ्या पायांनी आता नवीन गाव..."

लेकी गाडीतून वाकला. त्याचा चेहरा असा फुललेला तिनं सात वर्षांत पाहिला नव्हता.

"माझी लेक नेल्सनला दिलीय, बाई. दोन नातवंडं आहेत, अजून तोंडही पाहिलेलं नाही. पहिल्या पाच वर्षांत अकरा वेळा मी बदली मागितली."

"मग दिली का नाही?"

"दरवेळी वेलिंग्टनहून एकच उत्तर यायचं: 'डनबेगकरांची आपल्याविरुद्ध एकही तक्रार नाही.'"