दीड तासावर

"विमानानं दीड तास," अमजद म्हणाला. "फ्रँकफुर्टहून लंडन. चहा प्यायचा, पेपर चाळायचा, की उतरायचं."

ओट्यावर बसलेल्या हैबतरावांनी मांडीवर थाप मारली. "दीड तास? आरं, तेवढ्यात आपली यष्टी पौडच्या स्टँडावरच आसती. डायवर भजी खाया जातो, मग कंडक्टर त्याला हुडकाया जातो."

अमजद हसला. जर्मनीतून सुट्टीवर येऊन त्याला चारच दिवस झाले होते. शेजाऱ्यांना असं काही सांगताना आवाज आपोआप चढायचा.

"साडेसहाशे किलोमीटर, तात्या. पन हितं लांब वाटतं तसं तिकडं न्हाई. लोक शनवारी जात्यात, रविवारी माघारी."

"शनवारी जाऊन रविवारी," हैबतराव मान हलवत म्हणाले. "मग युनूसच्या मातीला तू—"

वाक्य तिथंच राहिलं.

उंबऱ्याशी अमजदची आई जोहराबी तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला.

फ्रँकफुर्ट ते लंडन, दीड तास.

ओटा ते उंबरा, चार पावलं.

युनूस तिचा थोरला. गेल्या थंडीत लंडनमध्येच गेला. परक्या लोकांनी त्याला कबरीत उतरवलं; घरच्या हातची तीन मुठी मातीसुद्धा त्याला मिळाली नाही. तार आली त्या दिवशी याच ओट्यावर सगळी आळी बसली होती, आणि जोहराबी रडता रडता एकेकाला समजावत होती, धाकटा कसा पोचंल, मधी समुद्र हाय. अमजदनं तिला तसंच कळवलं होतं.

सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. त्यानं मागितली नव्हती.

पायातले जर्मन बूट त्यानं आत ओढून घेतले.

"हैबतभाऊ," जोहराबी म्हणाली, "ते इमान आत्ता सुरू झालंय. तवा न्हवतं."

हैबतराव तिच्याकडं बघत राहिले.

"व्हय ना रं, अमजद?"

ती त्याच्याकडं बघत नव्हती. सुपातच बघत होती.

"व्हय," तो म्हणाला. मग, आणखी काही बोलायला हवं म्हणून, "आत्ताच. ह्या वर्षी."

"आसंल, आसंल. नवं नवं निघतंयच तिकडं." हैबतराव उठले. वहाणा पायात सरकवल्या. येताना त्यांनी अमजदच्या पाठीवर हात ठेवला होता. जाताना नुसतंच "येतो, भाभी" म्हणाले.

ते गल्लीच्या वळणापलीकडं जाईपर्यंत जोहराबी तांदूळ निवडत राहिली. अमजद उभा राहिला. "अम्मा, मी—"

"बस." तिनं एक खडा उचलून अंगणात फेकला. "आता कुनी इचारलं, तर लंडनला जाया दोन दिस लागत्यात म्हन."