ईद झाल्यावर

दस्तगीर टेलर स्वतःचाच कुर्ता मशीनवर घेऊन बसले होते. रमजान लागण्याआधी शिवला तेव्हा तो अंगाला नीट बसत होता. आता दोन्ही बगलांतून आत घ्यावा लागत होता. शेवटचा रोजा होता. गिऱ्हाइकांचे कपडे देऊन झाले होते. शिंप्याचं स्वतःचं काम नेहमी शेवटी.

"अब्बा, ईद झाली की नांदेडला निघायचं," तूबा म्हणाली. ती तिथल्या कॉलेजात शिकवायची. सुट्टीला लातूरला आली होती.

"कशाला?"

"पोटासाठी."

"कुणाचं पोट दुखून राहिलंय?" त्यांनी दातानं दोरा तोडला. "महिनाभरात एकदा तरी पोट धरून बसलो का? तुझ्या अम्मीला विचार."

"न्हाई बसले. खरं हाय," फळं चिरता चिरता साबेरा आतून म्हणाली.

रमजानच्या आधी मात्र रोज बसायचे. दुपारचं जेवण झालं की मशीनवर वाकून, डोळे मिटून. ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन झाल्या, तेव्हा तूबानं त्यांना नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्तवाहिन्यांचा स्कॅन काढून पडद्यावर दाखवला. पोटाची मोठी रक्तवाहिनी उगमापाशीच दबली होती. तिचं रक्त स्वादुपिंड आणि लहान आतड्याच्या मधल्या एका बारीक वाटेनं जात होतं. ती वाट ताणून ताणून एका जागी फुग्यासारखी झाली होती. मांडीतून नळी घालायची, तारेची बारीक वेटोळी आत सोडायची, फुगा बंद करायचा. पोट फाडायचं काम नाही. "लहान आहे म्हणून थांबू नका," डॉक्टर म्हणाले होते. "हे लहान असतानाही फुटतात."

दस्तगीरनी रमजान पुढे केला. आजाऱ्याला रोजा माफ असतो, असं तूबानं सांगून पाहिलं. ते हसले होते.

आजही हसले. "माफी घेतली असती तर आजारीच राहिलो असतो बेटा. रोज्यांनी बरं केलं मला. आता तारा-बिरा काही नको. शिंप्याच्या पोटात तार कशाला?"

महिन्याच्या मध्यावर तूबानं डॉक्टरांना फोन केला होता. दुखणं थांबलं, हे सांगताना तिला आनंद झाला होता. डॉक्टरांना झाला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "जेवतात किती?" आणि तिचं उत्तर ऐकून जे सांगितलं, ते तिनं घरात कुणाला सांगितलं नाही.

अजान झाली. दस्तगीरनी एक खजूर तोंडात टाकला, अर्धा कप गंजीची पेज घेतली आणि टोपी घालून मशिदीकडे निघाले. तोंडावर नूर आलाय, असं गल्लीतले लोक म्हणत होते. तूबाला गालांची हाडं दिसत होती. दारात त्यांनी वळून पाहिलं. किती खुशीत होते. तिच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथंच थांबलं.

"बरं अब्बा," ती म्हणाली. "ईद झाल्यावर बोलू."

ईदच्या दिवशी दस्तगीर महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवले. आधी बिर्याणी, मग शीरखुर्मा. साबेरानं आग्रहानं दुसरी वाटी भरली. पाहुणे उठले तसे तेही उठले आणि दाराची चौकट धरून उभे राहिले. "साबेरा, जरा पडतो," म्हणाले. तोंड कापसासारखं पांढरं पडलं होतं. ऑटोतून दवाखान्यात नेईपर्यंत पोट दगडासारखं झालं. रक्त लावलं, नांदेडला फोन लावला. ॲम्ब्युलन्स निघायची वेळच आली नाही.

तिसऱ्या दिवशीची जियारत झाली. माणसं पांगली. शेजारच्या सरजाबाई भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या. साबेरा कोपऱ्यात बसून होती. ताटाला हात लावत नव्हती.

"दुसरी वाटी मी वाढली," ती म्हणाली. "ते नको म्हणले होते. मी म्हणलं, रोज्यांनी बरं केलंय तुम्हाला, आता खावा. माझ्या हातानं फुटला तो फुगा."

"काही पण बोलू नको साबेरा," सरजाबाई म्हणाल्या. "एक महिना तरी सुखाचा गेला की गड्याचा. लई टवटवीत दिसायला लागला होता."

साबेरानं तूबाकडे पाहिलं. "बरे झाले होते ना ग ते? हाव का न्हाई? मग माझ्या वाटीनंच गेले की."

तो सुखाचा महिना तसाच राहू द्यावा, तर ती वाटी अम्मीच्या जिवाला जन्मभर चिकटणार होती. वाटी काढून घ्यावी, तर महिनाही जाणार होता. दोन्ही वाचतील असं वाक्य तूबाला सापडेना.

तिनं अम्मीचा हात हातात घेतला.

"वाटीनं नाही गेले अम्मी. ते बरे झालेच नव्हते, फुगा आत तसाच होता. पोट रिकामं होतं, म्हणून दुखत नव्हतं. मला ठाऊक होतं."