नागव्वाचा खोकला

भर दुपारी ओसरीवर एकटीच विड्या वळताना राजव्वाला नागव्वाचा खोकला ऐकू आला. तोच कोरडा, शेवटी शीळ घालणारा.

जिवाभावाच्या मैत्रिणीला पुरून पंधरवडा झाला होता. छातीचा फोटो काढायचा तर आठवड्याची मजुरी जाणार, म्हणून नागव्वा खोकत खोकत विड्याच वळत राहिली आणि तशीच गेली.

"नागव्वा?" राजव्वाने शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत हाक मारली.

पुन्हा तोच खोकला. या वेळी राजव्वाच्या मांडीवरचं सूप हललं, विड्या सांडल्या.

सून आतून धावत आली. "आत्या, कधीपासून खोकताय अशा?"

राजव्वाने कानातली फुलं काढून तिच्या हातावर ठेवली.

"ही मोड. नि चप्पल घाल, आत्ताच दवाखान्यात जायचंय."