ठमाबाईला शिव्या

"ठमे, टवळे, म्होरं फाटक हाय! दम धर की जरा!" मच्छिंद्रनाना भट्टीत कोळसा लोटत ओरडले.

ठमाबाई म्हणजे इंजिन. राहात्याच्या अलीकडच्या बंद साखर कारखान्याचं, ऊस ओढणारं, वाफेचं, ठेंगणंठुसकं. नागापूरच्या वर्कशॉपातून तिला नवा बॉयलर बसवून आणलं होतं. उसाच्या डब्यांत बाकडी ठोकली होती. रविवारी उद्घाटन. शाळेची पोरं बसणार, शेडपासून पाटाच्या पुलापर्यंत जाणार आणि परत येणार.

आसारामबाबांनी शिट्टी दिली, वेग कमी केला. ठमाबाई फाटकाशी अलगद थांबली.

मागच्या डब्यात बसलेल्या अश्विनीचं डोकं मात्र भणभणत होतं. ही गाडी तिच्या हवाली होती. या इंजिनावर हयात घालवलेली दोनच माणसं उरली होती, आसाराम ड्रायव्हर आणि मच्छिंद्र फायरमन. तिनंच हातापाया पडून दोघांना आणलं होतं. पण त्यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य! बांधावरून भांडण झालं, कोर्टात गेलं, तेव्हापासून अबोला. आसारामशी शब्द बोलणार नाही, अशी मच्छिंद्रनानांनी देवळात शपथच घेतली होती म्हणे. म्हणून सगळा राग ठमाबाईवर निघायचा, आसारामला ऐकू जाईल अशा बेतानं.

फाटक उघडलं. गाडी निघाली.

"आता कुत्रं आडवं बसलंय. जा मेले, घाल त्याच्या अंगावर!"

ठमाबाई थांबली. कुत्रं उठून गेलं.

"चल आता, गेलं ते. आन घशाला कोरड पडली का गं तुझ्या? बॉयलरच्या काचेत पानी खाली गेलंय!"

आसारामबाबांनी मुकाट्यानं बॉयलरमध्ये पाणी सोडलं. पुलाशी गाडी थांबल्यावर अश्विनी उतरून पुढं आली.

"नाना, रविवारी पोरं असणार डब्यात. हे तोंड चालणार नाही."

"मी कुनाला बोललो? इंजिनाला बोलतो."

"कुणाला बोलता ते साऱ्या गावाला कळतं."

"कळू द्या की मग!"

आसारामबाबा यात पडले नाहीत. काळा चष्मा लावून ते सरळ समोर तोंड करून उभे होते. त्यांचाही तिला रागच यायचा. माणूस कधी तिच्या तोंडाकडं बघून बोलेल तर शपथ! सकाळी ती ड्रायव्हरची नवी टोपी घेऊन समोर आली. हात पुढं करून किती वेळ उभी राहिली. बाबा आपले हँडल पुसतायत. शेवटी तिनं टोपी बाकड्यावर आपटली.

तेव्हाही नाना बोललेच, "ठमे, बाईनं टोपी आपटलीया बाकड्यावर, डाव्या अंगाला. कर मिरवनूक."

मग कुठं बाबांनी टोपी उचलून डोक्यावर घातली. आपल्या हातून घ्यायलासुद्धा कमीपणा वाटतो यांना, असं तिला वाटलं आणि ते फार लागलं.

मऊ व्हायचे ते फक्त इंजिनापाशी. रोज सकाळी आले की पुढून मागंपर्यंत तिच्या अंगावरून हात फिरवायचे, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

परतीच्या वाटेवरही नानांच्या तोंडाचा पट्टा थांबला नाही. शेडमध्ये गाडी येईस्तोवर अश्विनीचं ठरलं होतं.

"नाना, रविवारी तुम्ही येऊ नका. कोळसा टाकायला वर्कशॉपातला शाहरुख येईल." ती बाबांकडं वळली. "तुम्ही निवांत चालवा, बाबा. आता कटकट संपली."

बाबा खूश होतील, असं तिला वाटलं होतं. त्यांचा हात ब्रेकवरच राहिला.

"मग मी बी न्हाई येत."

"काय?"

"त्यो न्हाई तर मी न्हाई."

"अहो, तो माणूस दिवसभर तुमचा उद्धार करतो!"

"माझा न्हाई. ठमीचा."

अश्विनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थट्टा लावलीय का माझी? एकमेकांचं तोंड बघत नाही, आणि वर ही नाटकं? मग निघा, दोघंही निघा! शाहरुखला इंजिन चालवता येतं."

बाबांचा चेहरा पडला. "बाई, एकडाव चालवू द्या. माझा समर्थ हाय त्या शाळेत. नातवाला एकडाव फिरवतो, मग हिकडं पाऊल ठेवनार न्हाई."

"चालवा ना. नाना घरी बसतील, तुम्ही चालवा."

बाबांना काय हवं होतं ते त्यांच्या तोंडावर लख्ख दिसत होतं.

"न्हाई," ते म्हणाले. "त्याच्याबिगर न्हाई. पोरं असनार डब्यात."

आपलेच शब्द आपल्या तोंडावर फेकले, हे पाहून अश्विनी आणखीच भडकली. "हट्टी म्हातारा," ती पुटपुटली. पुरेसं मोठ्यानं.

बाबांनी टोपी काढून सीटवर ठेवली. ठमाबाईच्या गरम अंगावरून एकदा तळवा फिरवला. चष्म्याखालून पाणी ओघळलं, ते पुसलंही नाही. दांडा धरून ते खाली उतरले.

अश्विनीनं थांबा म्हटलं नाही. सुटले एकदाची, असंच तिला वाटत होतं.

नाना पुढं, बाबा त्यांच्या मागं, असे दोघं शेडबाहेर पडून गेटकडं चालू लागले. मागं वळून बघणं नाही की एकमेकांशी शब्द नाही. नानांची बडबड मात्र तशीच चालू होती, त्याच चढ्या आवाजात.

"ठमे, टवळे, म्होरं पायरी हाय. खाली."

अश्विनीनं चमकून मागं पाहिलं. इंजिन तर शेडमध्येच उभं होतं.

बाबांनी जपून पाय खाली टाकला.

"आता खांब आला. सर उजव्या अंगाला, मर मेले!"

आसारामबाबा उजवीकडं सरले आणि हात लांब करून खांब चाचपू लागले.