दाराजवळच्या रेघा

हे लिहिणारच नव्हतो. मुकुल वाचेल म्हणून. आता मात्र त्यानेच वाचायला हवं.

आम्ही दोघं कोरमंगलाच्या एका ऑफिसात बसून पार उत्तरेच्या समुद्रातली बेटं थ्रीडीत उभी करतोय. आठ महिने बर्फ, आणि एक जुना ख्रिस्ती मठ. फोटो तिथल्या म्युझियमने पाठवलेत. मुकुलकडे एका संन्याशाची कोठडी आहे. ती झाली की तो कॅनडाला जाणार. कायमचा. शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला, त्याचे बाबा, दामोदरकाका, एकटेच असतात. "बाबा ठणठणीत आहेत रे," म्हणतो. वर्षभर गेलेला नाही, फोनवरच सगळं.

फोटोत कोठडीच्या दाराजवळ दगडात रेघा होत्या. एकाखाली एक, शेजारी पुसट तारखा.

"पोरांच्या उंचीच्या," मी म्हणालो.

"मठात पोरं? धन्य आहेस मल्हार!" आमची लीड वेदिका हसली. "मुकुल, पुसून टाक त्या."

"थांब, म्युझियमला विचारतो," मी म्हटलं. मेल टाकला.

शनिवारी मुकुलची सर्टिफिकेटं आणायला येलहंक्याला मीच गेलो. काका पूर्वी कारखान्यात मोजमाप खात्यात होते, सगळं नीटनेटकं. घराला नवा रंग. फक्त स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा, सूतसूत अंतरावर. मी सहज बोट फिरवलं.

"ए, स्वल्प थांब! पुसेल ते!" काका ओरडले. मग हसून म्हणाले, "चहा टाकतो. तेवढा वरचा साखरेचा डबा काढ रे."

माझं बोट काळं झालं होतं.

मुकुलला त्या रेघांचं सांगितलं. "माझ्या उंचीच्या त्या. रंगकामात गेल्या असतील वाटलं होतं." मग म्हणाला, "पण सूतसूत? इतका सावकाश वाढलो मी?" आणि स्वतःच हसला.

आज म्युझियमचं उत्तर आलं. बेटावर मुलं कधीच नव्हती. त्या कोठडीत एकच संन्यासी राहिला, एकतीस वर्षं. रेघा त्याच्याच उंचीच्या. तारखा नीट बघा, सगळ्यात जुनी रेघ सगळ्यात वर आहे.

मुकुल, तिकीट काढू नकोस अजून. रविवारी मी तुला गाडीवरून येलहंक्याला नेतो. मी एक शब्द बोलणार नाही, प्रॉमिस. तू फक्त काकांना त्या चौकटीला पाठ टेकून उभं राहायला सांग.